देवघरातलं कोरं जातं

ऐका बायांनो, ऐका बाळांनो, आणि ओसरीवर पान चघळत बसलेल्या आजोबा, तुम्हीही ऐका. फार फार वर्षांमागं डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. नगराला राजा होता, राजाला राणी होती. पण आपल्या गोष्टीत त्यांचं काही काम नाही. आपल्या गोष्टीत काम आहे ते एका जात्याचं.

नगराच्या वेशीपाशी केरोबा नावाचा पाथरवट राहायचा. डोंगरातला काळा दगड आणायचा, छिन्नी-हातोड्यानं घडवायचा आणि पाटे, वरवंटे, उखळं, जाती करून विकायचा. माणूस शब्दाचा पक्का. जातं विकलं की त्याची बायको तुळसा आपल्या हातानं रंगवलेला लाल दोरा जात्याच्या खुंट्याला गुंडाळायची, आणि केरोबा म्हणायचा, "हा दोरा आहे तोवर माझा शब्द आहे. जातं तडकलं, दळण नीट पडलं नाही, तर घेऊन या. दुसरं देईन."

त्यातला त्याचा विचार सरळ होता. दळताना बाईचा हात खुंट्यावर फिरणार, दोरा घासणार, विरणार आणि वर्षाकाठी गळून पडणार. तेवढ्या दिवसांत दगडाचा गुणदोष बाहेर आल्याशिवाय राहत नाही. दोरा गळला की जातं पारखलं गेलं, घरचं झालं.

पण नगरातल्या बायका त्याच्याहून हुशार. दोरा आहे तोवर शब्द आहे ना, मग दोरा गळूच कशाला द्यायचा? नवं जातं घरी आलं की थेट देवघरात जायचं. त्याला हळदकुंकू व्हायचं, वर धुतलेलं फडकं पडायचं. आणि दळायला? दळायला जुनंच जातं, आजेसासूच्या वेळचं, घासून घासून तुळतुळीत झालेलं. किती फिरवा, पीठ रवाळच. बायकांचे खांदे भरून यायचे, आणि नवं जातं देवघरात फडक्याखाली सुखानं बसलेलं.

हळदीकुंकवाला एकमेकींकडे गेल्या की बायका आधी देवाला हात जोडायच्या आणि मग हळूच फडकं उचलून खुंटा बघायच्या. तुमचा दोरा अजून कसा लालबुंद, असं एकीनं म्हणायचं. आमच्याकडे कुणी हातच लावत नाही हो, असं दुसरीनं सांगायचं. मुलगी बघायला गेलेली मंडळीसुद्धा मुलीच्या आईच्या जात्याचा दोरा बघून यायची. दोरा शाबूत तर लेक जपणारी, हा तिथला दाखला.

आणि केरोबा? त्याच्याकडे एकही जातं परत येईना. तो मिशीवरून हात फिरवून पाहुण्यांना सांगायचा, की परत आलेलं जातं कसं दिसतं तेच मी विसरलो.

त्याच नगरात मथुराबाई नावाची एक गृहिणी होती. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. तिच्याकडे उपास नसलेला वार शोधून काढावा लागे. तिचा घरधनी थट्टेनं म्हणायचा, की हिच्यामुळं आमच्या घरातले उंदीरही वरीचे तांदूळ खायला शिकलेत. मथुराबाई हसायची आणि देवापुढं आणखी एक वात लावायची.

एका वर्षी तिच्या सासूबाई आजारी पडल्या. पाय धरले गेले, बाजेवरून उठता येईना. सासूसुना कधी भांडल्या नाहीत असं नव्हे. मीठ जास्त, चूल मंद, यावरून दोघींचं रोज काही ना काही चालायचं. पण सासूबाई भिंतीकडे तोंड करून गप्प पडल्या, तेव्हा मथुराबाईला घर खायला उठलं. ती नगरदेवीच्या देवळात गेली आणि पदर पसरून म्हणाली, "आई, ह्या स्वतःच्या पायांनी तुझी पायरी चढल्या, तर तुझ्या जत्रेला सगळ्या आळीला पुरणपोळी घालीन. गहू मी दळीन, माझ्या हातानं, माझ्या घरच्या जात्यावर."

नवसाच्या पिठाचा तिथला नेमच तसा होता. मागून आणलेल्या जात्यावर ते दळायचं नाही, आणि दुसऱ्याचा हात खुंट्याला लागू द्यायचा नाही. मथुराबाईचं जुनं जातं अगदीच झिजलेलं. म्हणून तिनं केरोबाकडून नवं आणलं, देवघरात ठेवलं, फडकं घातलं आणि ठरवलं, की नवसाच्या वेळीच काढायचं. रोज निरांजन लावून झालं की तुपाचा हात ती त्या लाल दोऱ्यावरून मायेनं फिरवायची.

देवीनं ऐकलं. पावसाळा सरता सरता सासूबाई बाजेवर उठून बसल्या, दिवाळीला भिंत धरून उभ्या राहिल्या, आणि पुढं काठी टेकत अंगणापर्यंत जाऊ लागल्या. जत्रा जवळ आली. त्याच आठवड्यात जुन्या जात्याचा वरचा दगड दुभंगला. त्यानं तरी किती सोसायचं?

मथुराबाई आनंदात न्हाली, कोरं लुगडं नेसली, देवघरात गेली आणि तिनं फडकं उचललं. खुंटा उघडाबोडका. दोरा नाही.

तिनं पाट सरकवला, फुलांची परडी उपडी केली, कोनाड्यात हात घातला.

"शोधू नकोस," कुणीतरी म्हणालं. कोनाड्यात एक उंदीर मिशा पुसत बसला होता. त्या काळी उंदीर बोलायचे, आणि नवस करणाऱ्या बायकांशी तर जरा जास्तच बोलायचे. "दोरा मी खाल्ला."

"मेल्या, देवाच्या दारातला दोरा खाल्लास?"

"रोज तूप लावून ठेवायचीस, मी काय करू?" उंदीर म्हणाला. "आणि खरं सांगू? मी इथं राहायला आलो तो जातं बघून. म्हटलं, नवं जातं आहे, दाणा सांडेल, पीठ उडेल, पोराबाळांचं भागेल. वर्ष गेलं, दाणा नाही की पीठ नाही. इतकं कोरडं जातं आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नसेल. शेवटी दोऱ्यावर आलो."

मथुराबाई खट्टू झाली. पण मग तिनं मनाची समजूत घातली, की जातं चांगलं असलं तर दोरा हवाय कशाला? तिनं जात्याला नमस्कार केला, आधी कोंडा दळून जातं झाडून घेतलं, आणि गव्हाचा पहिला घास घातला. जातं कसं हलकं फिरलं. पीठ पडलं तेही पांढरंशुभ्र. तिनं चिमूटभर जिभेवर ठेवलं.

दाताखाली कच्चकन वाळू आली.

तिनं जातं पुन्हा झाडलं, पुसलं, धुऊन उन्हात वाळवलं, पुन्हा कोंडा दळला. पुन्हा वाळूच. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, की घरघर मध्येच का थांबते आहे? मथुराबाईनं पिठावर सूप झाकलं. देवीला वाळूची पोळी दाखवायची कशी? आळीला घालायची कशी? आणि नवस चुकवायचा तर सासूबाईंच्या पायांकडे बघायचं कुठल्या तोंडानं?

एवढ्यात शेजारच्या ठमाकाकू आल्या. आळीत कुणाच्याही घरी अडचण आली, की ठमाकाकू तिच्या मागोमाग येत. त्यांनी पीठ चाखलं, थुंकलं, उघडा खुंटा पाहिला आणि एका दमात तोड सांगितली. पूजेतला लाल दोरा घ्यायचा, खुंट्याला गुंडाळायचा, वर पिठाचा हात फिरवायचा. केरोबाला काय कळणार? त्याच्याकडे कधी काही परत आलंय का?

मथुराबाई म्हणाली, की तो दोरा तुळसाच्या हातचा नसेल. आणि खोटा दोरा बांधणाऱ्याला केरोबा पुन्हा अंगणात पाय ठेवू देत नाही, हे तर नगरातलं शेंबडं पोरही जाणतं.

"अगं मथुरे, दोऱ्यावर काय तुळसाचं गोंदण आहे?" ठमाकाकू म्हणाल्या. "आणि तू काय घशात घालायला मागतेयस? देवीसाठीच ना? देवी बघून घेईल."

देवीचं नाव निघालं आणि मथुराबाईचं मन भुललं. तिनं डबीतून अनंताच्या पूजेचा उरलेला दोरा काढला, खुंट्याला बांधला, पीठ फासलं. घरधन्यानं बैलगाडी जुंपली, जातं वर चढवलं. मला जरा वेस दाखवा म्हणून सासूबाईही गाडीत बसल्या.

वाटेत सासूबाईंनी खुंट्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हा आपल्या डबीतला ना गं?"

मथुराबाईनं नजर चुकवली. सासूबाई पुढं काही बोलल्या नाहीत. एरवी मीठ जास्त झालं तर दिवसभर बोलणारी ती बाई, आणि आता नुसती बैलांच्या शिंगांकडे बघत बसलेली. मथुराबाईला वाटलं, ह्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

केरोबाच्या अंगणात जातं उतरलं. पाटे-वरवंटे घ्यायला आलेल्या दोनचार बायका वळून बघू लागल्या. केरोबानं हातोडा खाली ठेवला. परत आलेलं जातं बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. पण खुंट्यावर लाल रंग दिसला, तशी त्यानं मान हलवली. जातं तपासलं नाही, दोराही तपासला नाही. म्हणाला, "शब्द म्हणजे शब्द. त्या ओळीतलं हवं ते उचला, बाई."

झालं. काम फत्ते. घरधनी नवं जातं उचलायला वाकलासुद्धा.

पण मथुराबाईचा पाय पुढं पडेना. ह्या माणसानं दोरा बघितला आणि विश्वास टाकला. ह्या जात्याचं पीठ आपण देवीपुढं ठेवणार, आणि डोळे मिटून काय सांगणार? तिनं खाली वाकून खुंट्यावरची गाठ सोडली आणि दोरा केरोबाच्या पुढ्यात ठेवला.

"केरोबादादा, हा दोरा तुळसावहिनींचा नाही. मी बांधला. तुमचा होता तो उंदरानं खाल्ला. आणि खाल्ला नसता तरी मी काय सांगणार होते? वर्षभर मी हे जातं एकदाही फिरवलं नाही. दोरा जपत बसले."

केरोबाचा चेहरा त्याच्या दगडासारखा झाला. त्यानं विचारलं, की मग आता काय हवं आहे?

"मला काही नको," मथुराबाई म्हणाली. "माझा नवस मी देवीच्या पायाशी जाऊन बघेन. जातं परत नेते. फक्त एवढं सांगते, ह्या दगडातून वाळू सुटते. मला दुसरं देऊ नका, पण असलं आणखी कुणाला देऊ नका."

आता मात्र केरोबाला राग आला. त्यानं इतक्या वर्षांत किती जाती विकली ते सांगितलं, कुठल्या कुठल्या गावांना गेली ते सांगितलं, आणि एक तरी परत आलं का, असं छाती पुढं काढून विचारलं.

"परत येतील कशी?" मथुराबाई म्हणाली. "सगळी देवघरात बसलीत."

तुळसा दारातच उभी होती. तिला आधी हसू फुटलं. तिनं पदर तोंडावर धरला, पण ते आवरेना. मग पाटे घ्यायला आलेल्या बायकाही हसू लागल्या आणि एकीनं कबूल केलं, की हो बाई, आमचंही तिथंच आहे.

केरोबा हसला नाही. तो जात्याशी खाली बसला, मूठभर गहू घातले, दळले, पीठ तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावत राहिला. मग त्यानं वरचा दगड उलटा करून नखानं खरवडला. नखाला काळी कणी लागली. त्याची मान खाली गेली. मागच्या वर्षी त्यानं डोंगराची नवी बाजू फोडली होती. तिथला वरचा थर उन्हापावसानं कच्चा झालेला, आणि वर्षभरातली सगळी जाती त्याच दगडाची. परत काही येत नाही म्हणून तो खुशीत मिशीला पीळ देत बसला होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "सगळीकडचे दोरे विरल्यावर ही फडकी निघाली असती, तर लोकांनी मला लबाड म्हटलं असतं. आणि माझं चुकलं कुठं, ते मला मरेपर्यंत कळलं नसतं. आज तुम्ही आलात म्हणून कळलं."

मग त्यानं ओळीतली जाती पाहिली. ती सगळी त्याच दगडाची. नवा दगड जुन्या बाजूनं काढायचा, घडवायचा, छिन्नीनं टाकी लावायची, यात जत्रा होऊन गेली असती. मथुराबाई गाडीकडे वळली. तेव्हा तुळसा आत गेली आणि नवऱ्याला हाक मारून घेऊन गेली. दोघं बाहेर आली ती स्वतःच्या घरचं जातं घेऊन. जुन्या दगडाचं, रोजच्या वापरातलं, खुंटा हातानं गुळगुळीत झालेला, कडेला सकाळचं पीठ अजून चिकटलेलं.

"हे उसनं नाही हो, मथुराताई," तुळसा म्हणाली. "देऊन टाकलं. हे तुमच्या घरचं, आणि ते वाळूचं आमचं."

मथुराबाईनं हात मागं घेतले. ती म्हणाली, की खोटा दोरा बांधणाऱ्याला तर इथं पाय ठेवायलाही बंदी आहे, मग जातं कसं घेऊ?

केरोबा म्हणाला, "ते खरं. पण बांधणाऱ्याही तुम्ही आणि सोडणाऱ्याही तुम्हीच. मी त्यातल्या कुणाला हाकलू?"

तेव्हा सासूबाई गाडीतूनच बोलल्या, की घे आता, गहू निवडायचे राहिलेत. आणि सगळं अंगण पुन्हा हसलं.

दुसऱ्याच दिवशी केरोबानं नगरात दवंडी पिटवली. ज्यांच्या ज्यांच्या देवघरात माझं जातं असेल त्यांनी दळून बघावं. वाळू आली तर दोरा असो, नसो, बदलून देईन.

त्यानंतर उगवली तशी पहाट त्या नगरानं कधी पाहिली नव्हती. घरोघरी फडकी निघाली. आळीआळीत घरघर सुरू झाली आणि ओव्या भिंतीपलीकडून भिंतीअलीकडे येऊ लागल्या. एकीची ओवी संपायच्या आत शेजारीण पुढची उचलायची. मथुराबाईच्या घरी तर उंदरानं बायको, मुलं, मावसभाऊ, सगळ्यांना बोलावून घेतलं.

कुणाच्या पिठात वाळू निघाली, त्यांनी जाती गाडीत घातली. कुणाचं पीठ लोण्यासारखं मऊ पडलं. ठमाकाकूंचं जातं चांगलं जुन्या दगडाचं होतं, दोरा तर नगरातला सगळ्यांत लाल. घास घालताच ते भिंगरीसारखं फिरलं. ठमाकाकू खांदा चोळत म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच हाडं मोडून घेतली?" घरात सुना होत्या, त्यांनी त्या दिवशी भाकऱ्या हसतहसत थापल्या.

मथुराबाईनं तुळसाच्या जात्यापुढं मांडी घातली, देवीचं नाव घेतलं आणि एकटीच्या हातानं सगळे गहू दळले. पीठ असं पडलं, की बोटांत धरलं तर निसटावं.

जत्रेच्या दिवशी सासूबाई देवळाची पायरी चढल्या. कुणी हात पुढं केला तर त्यांनी काठीनं बाजूला सारला. पायऱ्या पूर्वी इतक्या उंच नव्हत्या, असं म्हणत म्हणत त्या वर पोहोचल्या आणि देवीपुढं उभ्या राहिल्या. मथुराबाईनं नैवेद्य दाखवला. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि ओठांवरचं हसू काही जाईना. मग आळी जेवली. पोळ्या मऊसूत, तूप सढळ, आणि कुणाच्याही दाताखाली काही आलं नाही. केरोबा आणि तुळसा पहिल्या पंगतीला होती. केरोबानं वाढणाऱ्याला नको म्हटल्याचं कुणालाही आठवत नाही.

पुढं केरोबानं दगड जुन्या बाजूनंच काढला आणि एकेक करून सगळी जाती बदलून दिली. दोरा बांधायचं मात्र त्यानं सोडून दिलं. जातं विकलं की तो सांगायचा, की अमावास्या झाली की मी तुमच्या घरी येईन, त्या जात्याच्या पिठाची भाकरी खाईन, मग बोलू. आणि खरंच जायचा. ओसरीवर बसायचा, भाकरी चावून चावून खायचा आणि विचारायचा, दळण जड जातं का? घास अडतो का? बायकाही मोकळेपणानं सांगायच्या. काही चुकलं असेल तर जातं परत न्यायचा, आणि तसं नेताना त्याची मान खाली जात नसे. तुळसाची तक्रार एवढीच, की हा माणूस घरी जेवायला म्हणून मिळत नाही.

त्या नगरात मग कुणाचे खांदे भरून आले नाहीत, कुणाच्या दाताखाली वाळू आली नाही, आणि केरोबाच्या जात्यांना दूरदूरच्या राज्यांतून मागणी येऊ लागली. देवी त्यांना जशी पावली, तशी तुम्हांआम्हां सगळ्यांना पावो.

तात्पर्य: घेतलेली वस्तू जपून ठेवू नये, वापरावी, आणि तिच्यात खोट निघाली तर आपली चूक न लपवता खरं सांगावं, त्यात घेणाऱ्याचंही भलं होतं आणि देणाऱ्याचंही.